सपरी धरायची की नाही

मुलीच्या फीचा आकडा कळला त्या दिवशीच घर तारण ठेवावं लागणार हे ठरल्यासारखं होतं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. आमचा खर्च होस्टेल धरून नऊ लाखांवर जात होता. शेत आधीच पीककर्जात, सातबारावर बोजा. राहिलं घर. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, गावठाणातली जागा. पुढे आजेसासऱ्यांनी बांधलेलं मातीचं कवेलूचं (कौलारू) घर, मागे मामंजींनी २०१० साली टाकलेला स्लॅब, बाजूला कोठा, म्हणजे गोठा. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "बांधकाम किती आहे?" यांनी सांगून टाकलं, "असंल हजार-बाराशे फूट." साहेबांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. "आमच्या पॅनलवरचे इंजिनिअर येतील, ते मोजतील," एवढंच म्हणाले आणि कागदांची यादी दिली.

मी बचत गटाचा हिशेब ठेवते, त्यामुळे आकडा मोघम राहिला की मला चैन पडत नाही. हजार की बाराशे? आणि कशाकशाचे मिळून?

यादीत पहिलंच होतं "आठ अ". हे तलाठ्याकडून आठ अ घेऊन आले. बँकेला ते नको होतं. तलाठ्याकडचा आठ अ म्हणजे शेतजमिनीचा खातेउतारा. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीचा उतारा. गावात दोन्हींना "आठ" म्हणतात आणि निम्मे लोक एकदा तरी चुकीच्या दारात जातात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हा नमुना आठ हाच घराचा एकमेव कागद असायचा, तोही मालकीचा नव्हे, कराचा. आता स्वामित्व योजनेचं मालमत्ता पत्रक आलं आहे. २४ एप्रिल २०२० ला ती योजना सुरू झाली. आमच्याकडे चुन्याच्या रेघा मारून हद्दी दाखवल्या होत्या आणि पोरं ड्रोनमागे धावली होती, ते तेच. पत्रक आल्यावर आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं. त्यावर क्षेत्र २२० चौरस मीटर.

मला वाटलं, झालं की. २२० गुणिले १०.७६४, म्हणजे २,३६८ चौरस फूट. हजार-बाराशे कशाला?

पण ती जागा. अंगण, विहीर, तुळस, सांदवाडी, कोठा, सगळं त्यात. घर किती हे त्या पत्रकावरून कळत नाही. ड्रोनला वरून छपरं दिसतात, आणि आमच्या कवेलूच्या छपराची वळचण भिंतीच्या बाहेर चांगली दोन फूट आलेली आहे. वरून पाहणाऱ्याला भिंत कुठे संपते ते काय दिसणार?

नमुना आठ काढला तेव्हा तिसरा आकडा मिळाला: लांबी २४, रुंदी २८, एकूण ६७२ चौरस फूट, विटा-मातीचं घर. मी टेप घेऊन आले. जुनं घर बाहेरून २४ बाय २०. मग २८ कुठून? पुढची सपरी, म्हणजे ओसरी, ८ फुटांची. म्हणजे ज्या कोण्या काळी ग्रामसेवकाने मोजलं, त्याने सपरी घरात धरली होती, आणि आम्ही इतकी वर्षं तिची घरपट्टी भरत होतो. मागच्या स्लॅबचा मात्र पत्ता नाही. त्यात नवल काही नाही. आमच्या गावात नवी खोली पडली की पूजा होते, जेवण होतं, पंचायतीला कळवायला कुणी जात नाही. मामंजींनीही कळवलं नव्हतं.

इंजिनिअर वर्ध्याहून मोटारसायकलवर आला. पंचविशी-तिशीचा पोरगा, पाठीला बॅग, हातात लेझरचं यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पडला की आकडा उमटतो. आत्याबाई सपरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच नाही, चांगलं मोठ्याने विचारलं, "हा पोट्टा काय मोजून रायला व?"

"घर मोजून राहिले, आत्याबाई."

"मंग टेप कुठं हाये त्याचा?"

टेपही त्याच्याकडे होता. लेझर आतून चालतं, बाहेरून उन्हात ठिपका दिसत नाही, असं तो म्हणाला. आणि मोजायला त्याने सुरुवात केली ती बाहेरूनच. मला वाटलं होतं आधी खोल्या मोजेल. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, बांधकामाची किंमत काढायची तर भिंतीसकट मोजावं लागतं. भिंतीलाही पैसा लागलाच ना." याला ते लोक प्लिंथ एरिया म्हणतात, आपण जोत्यावरचं बांधकाम म्हणू. कोणत्या गोष्टी त्यात धरायच्या, कोणत्या सोडायच्या, याचं भारतीय मानक आहे, आयएस ३८६१. जोत्याचा बाहेर आलेला काठ, वरची वळचण, खिडकीवरचे छज्जे यांतलं काही त्यात येत नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून बाहेरच्या अंगापर्यंत माप.

जुनं घर २४ बाय २०, म्हणजे ४८०. स्लॅब २४ बाय १४, म्हणजे ३३६. बेरीज ८१६.

मग तो आत गेला, आणि इथे मला पहिल्यांदा मातीच्या घराचा हिशेब कळला. आमच्या भिंती दीड फूट जाड. चारही बाजूंनी दीड-दीड फूट वजा केले की ४८० चे ३५७ उरतात. मधली माजघराची भिंतही तेवढीच जाड, तिने आणखी साडेपंचवीस फूट खाल्ले. म्हणजे पाय ठेवायला उरलं ३३१. मागचा स्लॅब नऊ इंची विटांचा आणि आतल्या भिंती साडेचार इंची. तिथे ३३६ चे २७२ उरतात. एकूण बाहेरून ८१६, आतून ६०३. दोनशेच्या वर चौरस फूट नुसत्या भिंती, आणि त्यातल्या दीडशेच्या आसपास एकट्या मातीच्या घराच्या. त्या भिंतींमुळेच मे महिन्यात माजघरात बसता येतं आणि स्लॅबच्या खोलीत येत नाही, ही गोष्ट वेगळी. तिचा रकाना नव्हता.

मी म्हटलं, जाहिरातीत कार्पेट म्हणतात ते हेच का, ६०३? तो म्हणाला, नक्की तेही नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या अशी आहे की बाहेरच्या भिंती सोडायच्या पण आतल्या धरायच्या. बाल्कनी, व्हरांडा, मोकळी गच्ची सोडायची. त्या हिशेबाने आमचं ६३८ भरतं. अर्थात तो कायदा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, पाचशे चौरस मीटरच्या वरच्या जागेसाठी किंवा आठच्या वर सदनिका असतील तर. आमच्या घराचा त्याच्याशी संबंध नाही. पण आता बँकेतले लोकही बोलताना कार्पेटच म्हणतात, म्हणून त्याने रिपोर्टात तोही आकडा दिला.

हे सगळं होईपर्यंत माझा वाद नव्हता. वाद सुरू झाला सपरीवर.

सपरी म्हणजे आमच्या घराचा पुढचा भाग: २४ बाय ८, मागे घराची भिंत, पुढे सागवानाचे चार खांब, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. पाहुणे तिथे बसतात, कापूस वेचून आला की तिथे उतरतो, बचत गटाची बैठक तिथे, मुलांचा अभ्यास तिथे, उन्हाळ्यात आत्याबाईंची बाज रात्रीही तिथेच. त्याने तिचं माप घेतलं, १९२ लिहिलं, आणि घराच्या बेरजेत न मिळवता खाली वेगळ्या ओळीत टाकलं. मी विचारलं, हे का? म्हणाला, तीन बाजूंनी उघडी आहे. छप्पर आहे म्हणून बांधकाम आहे, पण खोली नाही. मी निम्म्या दराने धरतो.

आत्याबाईंना मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "जिथं मानूस बसते-उठते थे अर्धं, अन् ज्या अंधाऱ्या खोलीत कुनी जात नाही थे पुरं! चांगला हिशोब हाये."

शेजारचे भाऊजी तोवर आलेच होते. त्यांनी सल्ला दिला, उद्याच्या उद्या लोखंडी जाळी बसवा, मग खोली धरावी लागेल. इंजिनिअर हसला. जाळीने खोली होत नाही, भिंत घातली आणि दार लावलं तर पाहू, म्हणाला. म्हणजे घरातली सगळ्यात वारा लागणारी जागा विटांनी बुजवली असती तर घराची किंमत वाढली असती. मला हे काही पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

माळ्याचं मात्र पटलं. माजघरावर लाकडी पाटण आहे, त्यावर माळा. बी-बियाणं, मडकी, जुनी भांडी. मधोमध साडेसहा फूट उंची, कडेला दोन फुटांवर कवेलू डोक्याला लागतात. मुलगा दहावीला असताना तिथे रात्र रात्र बसायचा म्हणून यांनी विचारून पाहिलं. नाही धरत, म्हणाला. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची खोली म्हणजे काय ते दिलेलं आहे: झोपणं, जेवण, अभ्यास, बैठक यांसाठी असलेली; त्यातून न्हाणी, संडास, कोठीघर, बोळ, तळघर आणि माळा वगळलेले. शिवाय खोलीची उंची कमीत कमी २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. मी वर पाहिलं. आमच्या माजघराचं पाटण पावणेआठ फुटांवर आहे. म्हणजे संहितेच्या हिशेबाने हे घर बांधल्यापासून आम्ही कुणीच राहण्यालायक खोलीत राहिलो नव्हतो. त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माजघर पूर्ण धरलं, त्याबद्दल त्याचे आभार.

माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याने नुकतंच घर घेतलं. त्याला फोनवर हे सांगितलं तर त्याने तिकडची गंमत सांगितली. तिथे घराचं राहतं क्षेत्रफळ बाहेरूनच मोजतात, पण छताची उंची सात फूट हवी. उतरतं छप्पर असेल तर त्या खोलीचा निदान निम्मा भाग सात फुटांचा हवा आणि पाच फुटांच्या खालचा भाग मोजायचाच नाही. गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे नावाची मोठी संस्था आहे, तिने १ एप्रिल २०२२ पासून मूल्यांकन करणाऱ्यांना हीच पद्धत सक्तीची केली. त्याच्या घराला तळघर आहे, त्यात गालिचा, टीव्ही, सोफा सगळं. पण जमिनीच्या खाली आहे म्हणून त्या मुख्य आकड्यात ते येत नाही, वेगळं दाखवतात. गॅरेजही नाही. म्हणजे त्याच्याकडेही अर्धं कुटुंब जिथे बसतं ती जागा वेगळ्या ओळीतच. आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

गच्चीवरचं टिनाचं शेड त्याने तात्पुरतं म्हणून सोडलं. संडास-न्हाणी घरापासून सुटी आहे. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांत आमची भर घालून बांधलेली, ती एकठोक रकमेत टाकली.

राहिला कोठा. २० बाय १२, टिनाचं छप्पर. पूर्वी बैलजोडी, दोन गाई. बैल विकल्यावर त्यातला एक भाग विटांनी बंद करून फरशी टाकली, पंखा लावला, लॉकडाऊनमध्ये मुलीचं कॉलेज तिथूनच चालायचं. उरलेल्यात एक गाय आणि सोयाबीनची पोती. मी म्हटलं, एवढी एक खोली तरी धरा, विटांची भिंत आहे, दार आहे, लाईट आहे. तो म्हणाला, "काकू, तुम्ही तिथे काय करता ते बँक पाहत नाही. उद्या कर्ज थकलं आणि घर विकायला काढावं लागलं, तर घेणारा काय घेतोय ते पाहते. गोठ्यातली एक बाजू बंद केलेली, त्याला घेणारा गोठाच म्हणणार."

मी विचारलं, "घेणारा कोण असेल इथे?"

तो थांबला.

आमच्या गावात घर घ्यायला पुण्या-मुंबईचा माणूस येणार नाही. येईल तो आमच्यासारखाच, पाच-सात एकरवाला. तो आधी विचारेल कोठा केवढा आहे, बैलबंडी आत वळते का, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, कापूस ठेवायला सपरी आहे का. माजघर कितीचं हे तो शेवटी विचारेल, कदाचित विचारणारही नाही. घेणाऱ्याच्या नजरेनेच मोजायचं असेल तर कोठा आणि सपरी पहिल्या ओळीत यायला पाहिजे. हे मोजमाप ज्याच्या नजरेने बनवलंय तो फ्लॅट घेणारा आहे. तो पोरगा मूळचा कारंजा तालुक्यातला निघाला, त्याच्या घरीही कोठा. त्याला मुद्दा कळला. पण बँकेचा छापील नमुना ठरलेला. त्यात कोठ्यासाठी "इतर बांधकाम" एवढी एकच ओळ. त्याने तिथे ३०,००० लिहिले. माझ्या बोलण्याने त्यात किती वाढले ते मी विचारलं नाही.

जाताना त्याने खरी अडचण सांगितली. जागेवर जे भरतं आणि कागदावर जे आहे, त्यांत कमी असेल ते धरायचं, असा या बँकेचा दंडक आहे. कागदावर फक्त विटा-मातीचं घर. स्लॅब जागेवर आहे, नमुना आठवर नाही. म्हणजे जिथे खरी किंमत आहे तोच भाग गायब. त्याने अंदाज सांगितला तो चार लाखांच्या आतच होता, आणि त्यातलं जवळजवळ सगळं जागेचं. "आधी नोंद करून घ्या, मग मी रिपोर्ट देतो. आत्ता दिला तर बँक पुन्हा उघडणार नाही." त्याचं हे थांबणं आम्हाला फार उपयोगी पडलं.

पंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) मोक्यावर आले. त्यांनी टेप धरला तो स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत. स्लॅब तीन बाजूंनी भिंतीच्या बाहेर फूटभर काढलेला आहे. त्यांचं माप आलं २६ बाय १५, म्हणजे ३९०. मी म्हटलं, साहेब, भिंतीपासून धरा, बाहेर काढलेला स्लॅब बांधकामात येत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनिअरच्या कच्च्या कागदाचा फोटो दाखवला. थोडी कुरकुर झाली, मग ३३६ वर आलं. बँकेच्या माणसापुढे मी एकेक फूट वाढवून मागत होते आणि पंचायतीच्या माणसापुढे एकेक फूट कमी करून; यांनी रात्री जेवताना त्यावरून माझी बरीच चेष्टा केली. पण कराचा हिशेब फुटावरच चालतो. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलल्यापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते: जागेचं मूल्य आणि बांधकामाचं मूल्य, त्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा, मग वापर राहण्याचा की धंद्याचा त्याप्रमाणे भारांक, आणि त्यावर दर हजारी कर. मातीच्या घराचा बांधकाम दर वेगळा, आरसीसीचा वेगळा. त्या जादा ५४ फुटांची घरपट्टी दरवर्षी आम्हालाच भरावी लागली असती.

सपरीही वेगळी करून घ्यावी असं मनात आलं होतं. ती ६७२ मध्ये मिसळलेली. पण मातीच्या घराचा दर इतका कमी की वाचणाऱ्या पैशांत चहा आला नसता, आणि ज्या कागदावर बँक बसलीय तो उगाच कशाला हलवा? तसंच राहू दिलं.

मासिक सभेत नोंद मंजूर झाली, नवा नमुना आठ हातात आला, नावं आमची दोघांची. इंजिनिअरला फोटो पाठवला. मग रिपोर्ट आला, आणि त्यात पुन्हा एक धडा होता: क्षेत्रफळात मोजलं जाणं वेगळं आणि पैशांत मोजलं जाणं वेगळं.

स्लॅबचे ३३६ फूट, दर १,५०० रुपये, म्हणजे ५,०४,०००. आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं धरतात आणि शेवटी दहा टक्के किंमत उरते असं मानतात. घर १५ वर्षांचं, म्हणून साडेबावीस टक्के घसारा. उरले ३,९०,६००. मातीचं घर ४८० फूट, दर ६००, म्हणजे २,८८,०००. पण त्याचं आयुष्य कागदावर केव्हाच संपलेलं. म्हणून फक्त ती उरलेली दहा टक्के किंमत: २८,८००. सपरी निम्म्या दराने, त्याच्या दहा टक्के: ५,७६० रुपये.

पाच हजार सातशे साठ. हे वाचून यांनी रिपोर्ट खाली ठेवला. त्या सपरीचे चार खांब सागवानाचे, वरचे आडे सागवानाचे, आजेसासऱ्यांनी बंडीवर आणलेले. आमच्याकडे जुने वाडे पाडतात तेव्हा लाकूड घ्यायला व्यापारी दारात येऊन उभे राहतात, फर्निचरवाले ते आवडीने घेतात. एका खांबाचे ते किती देतील हे गावातलं लहान पोर सांगेल. फोन करून विचारलं. इंजिनिअर म्हणाला, खरं आहे, पण मी घराची किंमत काढतोय, पाडलेल्या लाकडाची नाही. तसं लिहिलं तर बँक विचारेल की घर उभं आहे की पडलेलं. हेही बरोबरच. तरी मला वाटतं, जुन्या सागवानी घरांच्या या भागात त्या दहा टक्क्यांच्या जागी काही वेगळा विचार व्हायला हवा. मातीच्या भिंतीला आणि सागाच्या खांबाला एकच घसारा कसा?

जागेचं मूल्य त्याने आसपासच्या खरेदीखतांवरून दीडशे रुपये फुटाने धरलं: ३,५५,२००. सरकारी रेडी रेकनरचा दर त्याहून बराच खाली होता. १ एप्रिल २०२५ ला ग्रामीण भागातले दर सरासरी ३.३६ टक्क्यांनी वाढले, पण त्या वाढीने आमच्या गावठाणात फारसा फरक पडलेला नाही. कोठ्याचे ३०,००० धरून बेरीज ८,१०,३६०. संडास-न्हाणी त्या इतर बांधकामातच. त्याखाली आणखी दोन आकडे होते, विकायला काढलं तर हाती येईल ती रक्कम आणि घाईने विकावं लागलं तर येईल ती, दोन्ही अर्थातच कमी. बँक पाहते ते हे खालचे आकडे. उरलेली कसर यांची विम्याची पॉलिसी तारण ठेवून भरून काढली. वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाची नोंद, सह्या हे सगळं नंतर रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलीचा पहिला हप्ता वेळेत गेला.

भाऊजींचं प्रकरण त्यानंतरचं. त्यांचं घर प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल, २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ फूट. त्या योजनेत किमान माप तेवढंच आहे, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली असते. त्यांनी पुढे टिनं टाकून दहा फूट वाढवलंय, चूल, पाण्याची टाकी, सून, नातवंडं सगळं त्या टिनाखाली. त्यांना दुकानासाठी कर्ज हवं होतं. विचारायला आले, "वहिनी, टिनाचे फूट धरते का बँक?" मी सांगितलं, आधी तुमच्या नमुना आठवर काय लिहिलंय ते पाहा, तिथे २६९ असेल तर जागेवर पाचशे भरले तरी २६९. आणि जी बाजू बंद करायची ती आता विटांनी करा, जाळीने करू नका.

आमची नवी घरपट्टी मार्चच्या आधी आली. ३४० होती ती १,१८० झाली. यांनी पावती माझ्याकडे दिली आणि म्हणाले, मोजा आता. कोठ्यातली ती विटांची खोली अजून कुठल्याच कागदावर नाही. धाकट्याची बारावी दोन वर्षांनी आहे आणि त्यालाही बाहेर जायचंय, म्हणून चार वर्षांच्या फेर आकारणीची वाट न पाहता तिची नोंद आत्ताच करावी, राहण्याची खोली म्हणून, असं माझं मत आहे. यांचं म्हणणं, गाय तिथे बांधलेली असताना पंचायत खोली म्हणून लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर गाय कुठे बांधायची ते आधी सांग.